नातीसाठी घरी छोटी जीप बांधायची आहे : लूनाचे इंजिन की बॅटरी?

वैनतेय
नमस्कार. मी टूलरूममधून निवृत्त झालो असून मिरजेस राहतो. नात येत्या उन्हाळ्यात पाच वर्षांची होईल आणि तिच्यासाठी बसून चालवता येईल अशी छोटी जीप घरीच बांधावी असे मनात आहे. दुकानातल्या प्लास्टिकच्या बॅटरी-गाड्या पाहिल्या; त्यांची गुळगुळीत चाके आमच्या अंगणातल्या मुरमावर जागच्या जागी फिरतात आणि आतला एखादा प्लास्टिकचा गिअर झिजला की सुटा भाग सहसा मिळत नाही.

विलिज जीपच्या निम्म्या मापाची गाडी धरली आहे. मूळ जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, ८० इंच, म्हणजे माझा ४० इंच. जीप निवडण्याचे कारण एवढेच की तिचे बहुतेक पत्रे सपाट असतात, बेंडिंग मशीनवर दोन-चार घड्या मारल्या की अंग उभे राहते. फियाटसारखी गोलाई हाताने ठोकून आणण्याची हौस आता उरलेली नाही. चेसिससाठी २५ × २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, वर १८ गेजचा पत्रा, असा बेत आहे.

प्रश्न इंजिनाचा आहे. पडवीत जुनी लूना पडून आहे, किक मारली की आजही सुरू होते, आणि खरे सांगायचे तर माझे मन तिच्याकडे ओढ घेते. मुलगा बॅटरीच्या बाजूने आहे. सून म्हणते की दोन्ही नको, सायकल घेऊन द्या. तेव्हा इंजिन घ्यावे की मोटर, ब्रेक कोणता लावावा, आणि अशी गाडी बांधलेल्यांपैकी कोणाच्या मुलांनी ती खरोखर वापरली का, हे जाणकारांनी सांगावे.

गुण्या
पेट्रोल नको, हे आधी सांगतो आणि मग कारणे देतो. निम्म्या मापाच्या गाडीत मुलाचे तोंड सायलेन्सरपासून दोन-अडीच फुटांवर येते, आणि टू-स्ट्रोकचा धूर म्हणजे अर्धवट जळलेले तेलच. सायलेन्सर तापला की कितीही जाळी लावा, पाच वर्षांचे मूल गाडीतून उतरताना नेमके तिथेच हात टेकते. परंतु माझा मुख्य आक्षेप क्लचवर आहे. लूनाचा क्लच केंद्रोत्सारी, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप पकडणारा. थंड इंजिनासाठी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू राहण्याची गती, थोडे चढे ठेवले की गाडी स्वतःहून सरकू लागते. मोठ्या माणसाला ते कळते आणि त्याचा हात ब्रेकवर जातो. मुलाला गाडी ‘आपोआप निघाली’ एवढेच कळते.

घाटमाथा
गुण्या यांच्याशी थोडा असहमत. मिरजेपासून फार दूर नसलेल्या देवराष्ट्रे गावातल्या एका लोहार कारागिराने भंगारातले भाग जमवून छोटी जीप बांधली होती, ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची चित्रफीत पाहून त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असलेले देवराष्ट्रे त्या महिन्यात वेगळ्याच कारणाने गाजले. तात्पर्य, लोखंड आणि पेट्रोल यांत हात घालणारी माणसे आपल्या भागात आहेत आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. इंजिनाचा आवाज हा गाडीचा अर्धा आनंद असतो.

गुण्या
हसलो नाही, त्या कारागिराचे काम मला मनापासून आवडले होते. मात्र ती गाडी मोठ्या माणसाने चालवायची होती. इथे चालक पाच वर्षांचा आहे. आवाजच हवा असेल तर सायकलच्या आऱ्यांना खेळायच्या पत्त्यांतले एक पान लावावे, आम्ही लहानपणी तेवढ्यावर भागवले आहे.

कलम_कसाई
वकील असल्यामुळे रसभंग करणे हे माझे कर्तव्यच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातून २५ घन सेंटीमीटरपर्यंतचे इंजिन असलेली वाहने वगळली आहेत, पण केवळ चारपेक्षा कमी चाके असलेली. वैनतेय यांच्या जीपला चार चाके आहेत आणि लूनाचे इंजिन सुमारे ५० घन सेंटीमीटरचे, म्हणजे ती सवलत दोन्ही बाजूंनी गेली. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेले वाहनही त्या व्याख्येतून वगळले आहे, आणि आपल्या कामाचे वाक्य तेच आहे. गाडी फाटकाच्या आत राहिली पाहिजे.

पुष्कळांना वाटते की २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरी-गाडी असली की सगळे माफ. ती सवलत एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या नमुन्यास मिळते, घरी वेल्डिंग केलेल्या जीपला नव्हे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ असे आहे की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘नातीला जरा कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो’ हे वाक्य म्हणूनच आजोबांनी उच्चारू नये.

टिवल्याबावल्या
म्हणजे नात अंगणात आणि आजोबा आत, अशी व्यवस्था कायद्याने केलेली आहे.

वैनतेय
अंगण आमचे स्वतःचे आहे, चारी बाजूंनी कुंपण आहे, त्यामुळे रस्त्यावर नेण्याचा प्रश्न नाही. फाटकापाशी मात्र गाडी धुण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार आहे, साधारण दहा फुटांत एक फूट. लूनाबद्दल गुण्या यांचे क्लचविषयीचे म्हणणे पटले. आयडलिंगवर सरकणारी लूना मी स्वतः वापरलेली आहे. आता बॅटरीचे कोणी नीट सांगेल का?

वीजवाहिनी
मी ठाण्यात राहते आणि मोटर कंट्रोलचे काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सायकलला लावण्यासाठी २४ व्होल्ट, २५० वॅटची ब्रशवाली डीसी मोटर मिळते. तिचे दोन प्रकार दिसायला सारखे आहेत आणि लोक इथेच फसतात. नुसती एमवाय १०१६ ही मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेरे घेणारी मोटर आहे. नावाच्या शेवटी ‘झेड’ असलेली आतमध्ये गिअर घेऊन येते आणि बाहेर सुमारे ३०० फेरे देते. तुम्हाला दुसरी हवी. तिच्या टोकाला ९ दातांचा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, असतो आणि त्यावर सायकलची साधी चेन बसते.

आता वेग ठरवू. १२ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ९६ सेंटीमीटर. मागच्या चाकावर ३२ दातांचा स्प्रॉकेट लावल्यास चाक मिनिटाला साधारण ८४ फेरे घेईल, म्हणजे ताशी ५ किलोमीटरच्या किंचित खाली. हा चालत्या माणसाचा वेग आहे आणि आजोबांना गाडीच्या बाजूने चालत जाऊन ती हाताने थांबवता आली पाहिजे, हाच माझ्या मते योग्य वेगाचा निकष. ४४ दातांचा लावला तर वेग ३.५ पर्यंत उतरतो. पहिल्या वर्षी ४४ आणि मग ३२, असे करता येईल. वेगमर्यादा दातांनी ठरवा, कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला किती वीज जावी ते ठरवणाऱ्या पेटीच्या, खुंटीने नको, कारण खुंटी शेजारचा मोठा मुलगा फिरवू शकतो.

तुमच्या उताराचेही गणित करून पाहिले. गाडी आणि नात मिळून ८० किलो धरू. सपाट मुरमावर मोटरला ५०-६० वॅट पुरतील. दहात एक चढावर ताशी ५ किलोमीटरने जायचे तर गिअर आणि चेनमधली घट धरून सव्वादोनशे वॅटच्या आसपास लागतील. म्हणजे २५० वॅटची मोटर तो उतार चढेल, पण कष्टाने. तिथे मधोमध थांबून पुन्हा निघण्याचा खेळ दिवसभर चालला तर मोटर तापेल.

बॅटरी साधी शिसे-आम्लाची सीलबंद घ्या, १२ व्होल्ट १२ अँपिअर-तासाच्या दोन, एकापाठोपाठ जोडून. एकूण २८८ वॅट-तास होतात. निम्म्याच वापराव्यात, तरी सपाटीवर दोन तासांहून अधिक खेळ होतो. यूपीएसच्या ७ अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात. परंतु त्या बहुतेक वेळ भरलेल्या अवस्थेत वाट पाहण्यासाठी केलेल्या असतात, रोजच्या उपसण्यासाठी नव्हेत.

फ्यूज ३० अँपिअरचा, आणि तो कंट्रोलरपाशी नको, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. वायर कुठेही घासून चेसिसला लागली तर तिचे रक्षण तोच करणार आहे.

चाकोरी
वीजवाहिनी यांनी १२ इंची चाक धरले आहे म्हणून सावध करतो. पुष्कळ जण मुलांच्या सायकलची आरे असलेली चाके वापरतात. सायकलचे चाक दोन्ही बाजूंनी धरलेले असते आणि वळताना सायकल आत झुकते, त्यामुळे त्या चाकावर आडवा जोर फारसा येतच नाही. जीप झुकत नाही, आणि तुम्ही चाक एकाच बाजूने धरलेल्या आखूड दांड्यावर, म्हणजे स्टब ॲक्सलवर, टांगणार. पाच-सहा जोरदार वळणांत आरे सैल होतात आणि चाक आठच्या आकड्यासारखे डोलू लागते. माल वाहण्याच्या ट्रॉलीची हवा भरायची चाके घ्या. त्यांची पत्र्याची रिम आडवा जोर सोसते. २० मिलिमीटरचा शाफ्ट आणि ६२०४ चे बेअरिंग, मागे प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचे तयार घर. हे सगळे आपल्या उद्यमनगरात एका फेरीत मिळते, मिरजेहून कोल्हापूर लांब नाही.

टिवल्याबावल्या
‘एका फेरीत’ हे शब्द लिहिणारा मनुष्य कधी हार्डवेअरच्या दुकानात गेलेला नसावा.

सुमन_ओवी
वैनतेय यांच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहिते. आमच्या यजमानांनी थोरल्या नातवासाठी अशी गाडी बांधली होती आणि आमच्याकडे ती धाकट्या दोघांनीही वापरली, तेव्हा उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र वापर आम्ही समजलो होतो त्यापेक्षा वेगळा झाला. चालवणे पहिल्या काही आठवड्यांतच मागे पडले. नंतर गाडी बहुतेक वेळ उभी असे आणि मुले तिच्यात बसून कुठेकुठे जात. मागच्या डिकीत सामान भरायचे, हॉर्न वाजवायचा, दिवे लावायचे, उतरून टायरला लाथ मारून पाहायची, पेट्रोल भरायचे. पेट्रोलचे झाकण नुसते शोभेचे होते आणि सर्वांत जास्त झिजले तेच. यजमानांनी स्टेअरिंगवर जीव ओतला होता. मुलांनी विचारले की वायपर का नाही.

तेव्हा माझे सांगणे असे की उघडणारे दार, झाकण असलेली डिकी, खरा दिवा, खरा हॉर्न आणि एक किल्ली, यांना मोटरइतकेच महत्त्व द्या. आणि आसन पुढे-मागे सरकणारे करा. पाचव्या वर्षी बसणाऱ्या मुलाचे गुडघे सातव्या वर्षी स्टेअरिंगला लागतात.

निर्वासित_नाशिककर
सुमनताईंच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. सध्या इंग्लंडमध्ये असल्यामुळे इथल्या मोटारींच्या मेळ्यांत ऑस्टिन जे४० नावाची मुलांची गाडी पाहायला मिळते. १९४९ ते १९७१ या काळात वेल्समधल्या बारगोड इथल्या कारखान्यात ती बनत असे, आणि तिथले कामगार म्हणजे कोळशाच्या धुळीने फुप्फुसांचा विकार जडलेले माजी खाणकामगार होते. मोठ्या मोटारींचा पत्रा कापून उरलेले तुकडे त्या गाडीसाठी वापरत. ३२ हजारांच्या वर गाड्या निघाल्या. तिला मोटर नव्हती, पॅडल मारावे लागे. पण पुढचे दिवे खरे लागत, हॉर्न खरा वाजे आणि डिकी उघडत असे. मुलांना काय लागते हे त्या कारखान्याला बरोबर ठाऊक होते.

विजेवरची छोटी गाडी ही कल्पनाही जुनी आहे. एतोरे बुगाटी यांनी १९२६ साली आपला धाकटा मुलगा रोलाँ याच्यासाठी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीची निम्म्या मापाची प्रतिकृती बनवली आणि ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असे. शर्यतीची इंजिने ज्यांच्या घरचा धंदा, त्यांनीसुद्धा मुलाच्या गाडीत इंजिन घातले नाही, एवढे घाटमाथा यांच्या निदर्शनास आणून देतो.

घाटमाथा
निदर्शनास आले. तरी बुगाटींच्या पडवीत लूना नव्हती.

गुण्या
आता स्टेअरिंग आणि ब्रेककडे वळू या, कारण मोटरपेक्षा मुलाचे बरेवाईट तिथे ठरते.

पुढची दोन्ही चाके सारख्याच कोनात वळली तर एक चाक फरपटत जाते, कारण आतले चाक लहान वर्तुळावर फिरते आणि बाहेरचे मोठ्या. १८१७ साली म्युनिकचे गाडीकारागीर लांकेनश्पेर्गर यांनी यावर तोड काढली आणि १८१८ मध्ये आकरमान यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. नाव अर्थातच पेटंट घेणाऱ्याचे राहिले. घरी करायची सोपी रीत अशी की किंगपिनपासून, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिच्यापासून, मागे येणारे दोन्ही स्टेअरिंग आर्म किंचित आत झुकवावेत, इतके की त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या ॲक्सलच्या मध्यबिंदूवर मिळाव्यात. जमिनीवर खडूने जीप पूर्ण मापात काढा, दोरी ताणा, आणि दोरीवर आर्मला टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता टाका, मारा. संगणकाची गरज नाही.

वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या भानगडीत पडू नका. चेन मागच्या एकाच चाकाला द्या, दुसरे चाक बेअरिंगवर मोकळे फिरू द्या. दोन्ही चाके एका सलग शाफ्टला जखडली तर वळताना मुरमावर चालून जाते, पण फरशीवर गाडी हट्टाने सरळ जाते.

ब्रेकसाठी जुन्या स्कूटरचा ड्रम उत्तम. पावसात भिजला तरी चालतो आणि मुलाच्या बोटांना काही लागत नाही. तो नुसत्या मोकळ्या चाकावर न लावता दोन्ही मागच्या चाकांवर लावा, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढेल.

वीजवाहिनी
ब्रेकविषयी माझी भर. ब्रेकच्या पॅडलखाली एक स्विच बसवून तो कंट्रोलरच्या ब्रेक-कट वायरला जोडा. मुले घाबरली की दोन्ही पाय ताठ करतात, म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदमच दाबले जातात. अशा वेळी मोटर बंद पडलीच पाहिजे.

दुसरे, ॲक्सिलरेटरमध्ये पॅडल किती दाबले ते चुंबकावरून ओळखणारा हॉल सेन्सर असतो, त्याला तीन वायरी असतात. त्यातली काळी, म्हणजे भूमीची वायर तुटली तर बाहेर येणारा व्होल्टेज वर चढतो आणि कंट्रोलरला वाटते की पॅडल पूर्ण दाबले आहे. चांगला कंट्रोलर हा दोष ओळखून मोटर बंद करतो, स्वस्तातला ओळखेलच असे नाही. गाडी चाके वर करून स्टँडवर ठेवा, मोटर चालू करा आणि ती वायर मुद्दाम काढून पाहा. चाक भरधाव फिरले तर कंट्रोलर परत करा.

तिसरे, मागच्या स्प्रॉकेटच्या जागी सायकलचे एकाच दिशेने पकडणारे फ्रीव्हील लावण्याचा मोह होईल. तसे केल्यास गाडीला रिव्हर्स मिळणार नाही आणि पाय उचलल्यावर मोटरचा अडसरही मिळणार नाही. पक्का स्प्रॉकेट लावा. पाय उचलताच गाडी मंदावणे हा या वयातला पहिला ब्रेक आहे.

माळावरची_शाळा
बालवाडीत शिकवते, म्हणून विचारते. पाच वर्षांच्या मुलीला दोन पॅडल कळतील का? माझ्या अनुभवात ‘दाबले की जाते, सोडले की थांबते’ एवढेच या वयात पक्के बसते. भीतीच्या क्षणी दुसरे पॅडल शोधणे तिला जमेल असे वाटत नाही.

गुण्या
प्रश्न अगदी बरोबर आहे आणि म्हणून ब्रेकचे पॅडल मुलासाठी आणि हातातला ब्रेक मोठ्यांसाठी, असे दोन्ही ठेवावेत. गाडीच्या मागे ढकलण्याचा दांडा असतो तसा एक दांडा लावून त्यावर सायकलचा ब्रेक लिव्हर बसवा. पहिले काही महिने आजोबा मागून चालतील आणि खरा ब्रेक त्यांच्याच हातात असेल. नातीला कळू न देण्याचे कौशल्य आजोबांनी दाखवावे.

तांत्रिक_बिघाड
त्याऐवजी रिमोट लावा. रेडिओवर चालणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, काहीशे रुपयांत मिळतो, बटन दाबले की गाडी बंद.

वीजवाहिनी
रिमोट चालेल, परंतु उलट जोडणीचा. ‘बटन दाबल्यावर बंद होणारा’ रिमोट म्हणजे रिमोटची बॅटरी संपली, किंवा गाडी टप्प्याबाहेर गेली, की उपयोग शून्य. संदेश येत आहे तोवरच रिले धरून ठेवेल आणि संदेश थांबताच सोडेल, असा संच हवा. तसा मिळत नसेल तर गुण्या यांचा दांडा शंभरपट भरवशाचा. मागे बाहेरून हाताला येईल असा लाल टोपीचा आणीबाणीचा स्विच तर कुठल्याही परिस्थितीत लावा, आणि तो कंट्रोलरच्या बारीक वायरीवर नको, बॅटरीच्या मुख्य वायरीवर हवा.

माळावरची_शाळा
आणखी एक. मुलीचे केस, फ्रॉकचा घेर, ओढणी घेण्याची हौस. चेन आणि स्प्रॉकेट पूर्ण झाकलेले हवेत, वरून, बाजूने आणि खालूनही. जाळी नको, कारण जाळीतून बोट जाते.

चाकोरी
अनुमोदन. खालून झाकण्याचे बहुतेक जण विसरतात, आणि मुले तर गाडीखाली शिरून ‘दुरुस्ती’ करतातच. आसनाखालचा पत्राही किल्लीने बंद होणारा करा. बॅटरीची दोन्ही टोके उघडी असतील तर शॉर्टसर्किट व्हायला खिशातला एक पाना पुरतो.

कोकणकडा
आमच्याकडे रत्नागिरीत पत्रा दोन पावसाळ्यांत कुजतो. मिरजेला एवढे होणार नाही, तरी चौकोनी पाइपाची तोंडे वेल्डिंगने बंद करा आणि तळाला एक बारीक भोक ठेवा. रेडऑक्साइड बाहेरून दोन हात मारले तरी पाइप आतून गंजतो, कारण आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाटच नसते. पत्र्याच्या कडा कानशीने मोडून पुरत नाही. कडेला रबराची पट्टी किंवा चिरलेली नळी बसवा.

टिवल्याबावल्या
मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो आणि धागा वाचून मलाही हुरूप आला होता. विलिजची रुंदी ६२ इंच, निम्म्या मापाने ३१. आमच्या लिफ्टचे दार २८ इंचांचे आहे. जीप घटवून लिफ्टमध्ये बसवली तर भाच्याला बाहेर ठेवावे लागते.

निर्वासित_नाशिककर
तिला उभी करून न्या; लांबी निम्म्या मापाने साडेपाच फूट होते. बॅटरी आधी काढा.

कलम_कसाई
आणि सोसायटीच्या सचिवांना आधी पत्र द्या. मोटार वाहन अधिनियमापेक्षा तेच कठोर असतात.

सुमन_ओवी
वैनतेय यांच्या सूनबाईंचे म्हणणे सगळ्यांनी बाजूला सारले आहे, ते मला खटकते. सायकलीने मुलाचे पाय मजबूत होतात, तोल येतो. मोटरच्या गाडीत मूल बसून राहते. आमच्या घरी दोन्ही होते आणि दोन्ही असावे असे माझे मत आहे, परंतु गाडी आली म्हणून सायकल पुढच्या वर्षावर ढकलू नये.

वैनतेय
सर्वांचे म्हणणे वहीत उतरवून घेतले आणि रात्री घरच्यांना वाचूनही दाखवले. सुनेने सुमनताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला, त्यामुळे सायकल आधी येईल, हे ठरले.

जीप बॅटरीवरच करतो. ‘झेड’वाली मोटर, पहिल्या वर्षी ४४ दात, चेन डाव्या मागच्या चाकाला, उजवे मोकळे. ड्रम दोन्ही चाकांना. मागे दांडा आणि त्यावर ब्रेक. कामाचा क्रमही बदलला आहे : आधी चेसिस, स्टेअरिंग आणि ब्रेक एवढेच करून गाडी मोटरविना दोरीने ओढून पाहायची, स्वतः वाळूची पोती ठेवून उतारावर थांबवून पाहायची, आणि ती नीट थांबली तरच मोटर विकत आणायची. फाटकाजवळच्या उताराच्या वर पाइपाचा आडवा दांडा लावून तो भाग बंद करतो, म्हणजे चढाचाही प्रश्न मिटला.

दोन शंका उरल्या आहेत. कमरेचा पट्टा लावावा का? आणि पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी राहील, तेव्हा बॅटरीचे काय करावे?

गुण्या
चालत्या माणसाच्या वेगाला पट्टा अपघातासाठी लागत नाही, मूल चालत्या गाडीत उभे राहू नये म्हणून लागतो. साधा कमरेचा, मुलाला स्वतः दाबून सोडवता येईल असा लावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी कलंडू नये. बॅटऱ्या आसनाखाली, चेसिसच्या तळाशी ठेवा, आणि निम्म्या मापाने दोन चाकांमधली रुंदी दोन फुटांच्या आसपास येते ती अडीच फूट करा. जीप थोडी बसकी दिसेल. दिसू द्या.

पोती ठेवून ओढून पाहण्याचा बेत फार आवडला. त्यात एक भर घाला : पूर्ण वळण घेऊनही ओढा, आणि आतले चाक उचलते का ते पाहा.

घाटमाथा
हरलो, मान्य. लूना विकणार असाल तर आधी मला कळवा.

वैनतेय
लूना विकायची नाही. तिचा मडगार्ड आणि पुढचा दिवा जीपला लावीन म्हणतो, सुमनताईंनी खरा दिवा सांगितला आहे म्हणून.

वीजवाहिनी
दिवा लावाल तर त्याचा बल्ब बदलून १२ व्होल्टचा एलईडी लावा आणि दोनांपैकी एकाच बॅटरीवरून त्याला वीज देऊ नका, दोन्ही बॅटऱ्या असमान उतरतात आणि लवकर खराब होतात. २४ वरून १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर बसवा.

पावसाळ्याविषयी : शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग ती पुन्हा नीट भरत नाही. पूर्ण भरून, वायर सोडवून, घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरा. चार्जर २४ व्होल्टच्या शिसे-आम्लाचाच घ्या. लिथियमचा चार्जर लोक देतात, तो घेऊ नका. बंद कपाटात ठेवून भरू नका, भरताना थोडा हायड्रोजन सुटतो. चेसिसखाली विटा लावून गाडी उचलून ठेवलीत तर टायरही चपटे पडणार नाहीत.